लांब चेहरा, ३८ मिमी आणि केसपेपरवरची माझी एक ओळ

पहिल्या भेटीच्या केसपेपरवर मी लिहून ठेवलंय, "तोंड उघडणं ३८ मिमी, चेहरेपट्टीनुसार ठीक." पुढे जे काही झालं ते सगळं त्या "चेहरेपट्टीनुसार" या शब्दामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, मुलांची तोंडं रोज मोजते, आणि तरीही हा शब्द माझ्या पेनातून अगदी सहज उतरला. आईवडिलांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत.

मुलगी तेव्हा ९ वर्षांची होती. आली होती दाढ किडली म्हणून, जबड्याची तक्रार वगैरे काही नव्हती. दाढ खालची, अगदी मागची, आणि ती भरताना माझ्या लक्षात आलं की दर दोन-तीन मिनिटांनी पोरगी तोंड मिटायला बघते, दुखतंय असं म्हणत नाही, फक्त "दमलं" म्हणते. लहान मुलं दमतातच, त्यात विशेष काही नाही. काम संपल्यावर आई म्हणाली, डॉक्टर, हिचं तोंड जरा कमीच उघडतं का हो, धाकटा जांभई देतो तेव्हा त्याची पडजीभ दिसते आणि ही मात्र कधी मोठा घास घेतच नाही. धाकटा सोबतच होता, ७ वर्षांचा, खुर्चीची बटणं दाबत. म्हटलं चल, दोघांचंही मोजू.

मोजायची पद्धत साधी आहे. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या मधल्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर, तोंड जास्तीत जास्त उघडलेलं असताना, पट्टीने किंवा व्हर्नियरने. ऐकायला सोपं वाटतं पण ९ वर्षांच्या मुलीच्या तोंडात धातूचा व्हर्नियर घातला की ती हसते, हसली की जबडा ३ मिमी वर येतो, मग परत पहिल्यापासून. शिवाय मान पुढे काढली किंवा डोकं मागे टाकलं की तोंड जास्त उघडतं आणि हनुवटी आत ओढून बसलं की कमी, म्हणून डोकं टेकवून, तीनदा मोजून, सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा. हिचे आले ३७, ३८, ३८. धाकट्याचे ४४.

आता इथे पहिली गंमत, जी मला त्या दिवशीच दिसायला हवी होती. धाकट्याचे वरचे पुढचे दात अर्धेच आले होते. दात पूर्ण खाली उतरला नसेल तर त्याची कड वरच राहते, म्हणजे अंतर आपोआप जास्त भरतं. याउलट ज्या मुलाचे वरचे दात खालच्या दातांना बरेच झाकतात त्याचा आकडा जबडा तितकाच हलूनही कमी भरतो. म्हणून शहाणी माणसं वरखालच्या दातांचं हे झाकलं गेलेलं अंतरही मोजतात आणि मूळ आकड्यात मिळवतात, मग जबडा खरा किती हलला ते कळतं. दात पडायच्या-यायच्या वयात नुसत्या मिमीवरून भावाबहिणींची तुलना करणं म्हणजे एकाला बूट घालून आणि दुसऱ्याला अनवाणी उभं करून उंची मोजण्यासारखं आहे. आईला हे मी सांगितलं, बरोबरच सांगितलं, आणि त्या बरोबर असलेल्या मुद्द्याच्या आधाराने पुढचा चुकीचा मुद्दाही खपवला.

तो चुकीचा मुद्दा असा. मुलीचा चेहरा लांबट, अरुंद, भावाचा गोल आणि रुंद. मला मोजायची हौस असल्याने चेहऱ्याचा निर्देशांकही काढला. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खालच्या टोकापर्यंतची उंची, तिला दोन्ही गालांच्या हाडांमधल्या सगळ्यात जास्त रुंदीने भागायचं आणि १०० ने गुणायचं. ८५ च्या खाली आलं तर चेहरा रुंद, ८५ ते ९० मध्यम, ९० च्या वर लांबट. हिची उंची १०४ मिमी, रुंदी ११२, म्हणजे ९२.९. धाकट्याचे ९४ आणि ११३, म्हणजे ८३.२. लहानपणी चेहरे रुंदच असतात, उंची नंतर वाढत जाते, म्हणून ७ आणि ९ वर्षांमध्ये थोडा फरक पडणारच, पण ९व्या वर्षी ९३ म्हणजे चांगलाच लांब. आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले बाबा, त्यांचाही चेहरा सेम लांबट. म्हणजे घराण्याची ठेवण. मी म्हटलं, काळजी करू नका, लांब चेहऱ्याच्या मुलांचे चावायचे स्नायू जरा नाजूक असतात, जबड्याची ठेवणही वेगळी असते, हिचं तोंड हिच्या चेहऱ्याप्रमाणे उघडतंय. आई समाधानाने गेली. मीही.

आता यातलं खरं किती ते बघू, कारण सगळंच खोटं नव्हतं. लांब चेहऱ्याच्या लोकांची चावण्याची ताकद सरासरीने कमी असते आणि चौकोनी, आखूड चेहऱ्याच्या लोकांचे गालाचे स्नायू जाड आणि दणकट असतात, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. पण चावायची ताकद वेगळी आणि उघडायची मर्यादा वेगळी. ताकद कमी म्हणजे तोंड कमी उघडेल असं काही नाही, उलट उघडताना तर हे मिटवणारे स्नायू सैल सुटायचे असतात. मी एका गोष्टीबद्दलचं ज्ञान दुसऱ्या गोष्टीला चिकटवलं, आणि बाबांचा चेहरा समोर असल्याने ते अगदी फिट्ट बसलं.

५ महिन्यांनी नेहमीच्या तपासणीला आली तेव्हा ३७. एक मिमी इकडेतिकडे हा मोजण्यातलाच फरक असतो, त्यामुळे मी काही मनावर घेतलं नाही. खरं तर तेव्हाही एक प्रश्न विचारायला हवा होता, की वाढत्या मुलीचा आकडा ५ महिन्यांत वाढायला नको का? निदान तितकाच राहायला हवा. पण नाही विचारला.

तिसरी भेट पहिल्यानंतर ११ महिन्यांनी. या वेळी आई स्वतःहून घेऊन आली, की जेवायला फार वेळ लावते, विशेषतः सकाळी, आणि हल्ली घास एका बाजूनेच चावते. मोजलं तर ३६. या ११ महिन्यांत पोरगी ५ सेंमी उंच झालेली, चप्पल एक नंबर वाढलेली, आणि तोंड २ मिमीने कमी झालेलं. सगळं अंग वाढतंय आणि एकच माप उलट चाललंय म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, म्हणजे आकडा बाजूला ठेवून जबडा कसा उघडतो ते नुसतं बघितलं. तिच्या समोर बसले, वरच्या दोन पुढच्या दातांमधली फट आणि खालच्या दोन पुढच्या दातांमधली फट एका रेषेत धरली, आणि म्हटलं, हळूहळू उघड, घाई नाही. पहिले २० मिमी सरळ. मग खालची रेष डावीकडे सरकायला लागली, शेवटी शेवटी तर चांगली ४ मिमी डावीकडे गेली आणि तिथेच थांबली, मध्ये परत आली नाही. परत करून बघितलं, परत तेच. दोरा धरून आईलाही दाखवलं.

हे का महत्त्वाचं ते कळायला सांधा कसा चालतो ते बघावं लागेल. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा, बोटाखाली काहीतरी पुढे सरकताना जाणवतं, तो जबड्याच्या हाडाचा वरचा गोलसर भाग. तोंड उघडताना हा सांधा दोन कामं करतो, पहिले २० ते २५ मिमी साधारण बिजागरीसारखा जागेवर फिरतो आणि त्यापुढे तो गोल भाग कवटीच्या खाचेतून पुढे आणि खाली घसरतो, मध्ये कुर्चेची चकती घेऊन. दोन्ही बाजूंनी सारखं घसरलं तर हनुवटी सरळ खाली जाते. एक बाजू अडकली तर दुसरी एकटीच पुढे जाते आणि हनुवटी अडकलेल्या बाजूकडे वळते, बैलगाडीचं एक चाक रुतलं की गाडी रुतलेल्या चाकाकडे वळते तसं. हिचं डावं चाक रुतलेलं होतं. खात्री करायला जबडा बाजूला सरकवायला सांगितला, डावीकडे ८ मिमी गेला, उजवीकडे फक्त ४. उजवीकडे जायला डावा सांधा पुढे घसरावा लागतो, त्यामुळे हिशोब जुळला. तोंड पूर्ण उघडल्यावर मी बोटांनी हलकेच आणखी ताणून बघितलं. स्नायू आखडले असतील तर जरा लवचिक लागतं आणि दोन-चार मिमी जास्त मिळतात, हिला १ मिमीही मिळाला नाही आणि डाव्या कानापुढे हात लावल्यावर तिने डोळे बारीक केले. कानापुढे दुखतं हे तिने तोवर एकदाही सांगितलं नव्हतं.

मग बाबांना खुर्चीत बसवलं. तोच लांबट चेहरा, ज्याच्या जोरावर मी वर्षभर निर्धास्त होते. ५१ मिमी, सरळ रेषेत. मोठ्या माणसांचं साधारण ४० ते ५०-५५ असतं, म्हणजे लांब चेहऱ्याचे बाबा अगदी ऐसपैस उघडत होते. माझी थिअरी तिथेच त्या खुर्चीत संपली.

आता जरा गणित, कारण मला वाटतं ही गोष्ट दातांच्या डॉक्टरांनीसुद्धा एकदा कागदावर करून बघावी. जबडा सांध्यापाशी फिरतो असं धरलं तर तोंड किती मिमी उघडेल हे दोन गोष्टींवर ठरतं, सांध्यापासून खालच्या पुढच्या दातापर्यंतची लांबी आणि फिरण्याचा कोन. अंतर म्हणजे लांबीची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाचा साइन. सांधा घसरतोही त्यामुळे हे अगदी काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरतं. कोन ३० अंश धरा, लांबी ८० मिमी असेल तर तोंड ४१ मिमी उघडतं, लांबी ९० असेल तर ४६ ते ४७. म्हणजे कोन तोच ठेवून जबडा १ मिमीने लांब झाला की तोंड साधारण अर्ध्या मिमीने जास्त उघडतं. चेहऱ्याच्या आकाराचा तोंड उघडण्याशी जो थेट संबंध आहे तो बहुतांशी एवढाच, जबडा किती लांब आहे त्यातून येणारा. चेहरा वरून खाली लांब दिसतो की रुंद, याने त्या गणितात स्वतःहून काही बदलत नाही. मूल मोठं होतं, जबडा लांब होतो, म्हणून आकडा वाढतो, आणि उंच मुलांचा आकडा सरासरीने जास्त भरतो तेही यामुळेच.

हिचा बाजूने काढलेला एक्स-रे होता. त्यावर सांध्यापासून खालच्या दाताच्या टोकापर्यंत ८४ मिमी भरले. ३६ मिमी उघडतंय म्हणजे कोन निघाला २५ अंशांहूनही जरा कमी. तोच जबडा ३० अंशांत उघडला असता तर ४३-४४ मिमी मिळाले असते. उलट बाजूने बघा, कोन नॉर्मल आहे आणि फक्त ठेवणीमुळे आकडा कमी आहे असं मला म्हणायचं असेल तर तिचा जबडा ७० मिमीचाच असायला हवा होता. ८४ चा होता. दोन मिनिटांचं गणित, फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर होतं, आणि मी ते ११ महिने उशिरा केलं. मिमी आणि अंश यातला हा फरक मला माहीत नव्हता अशातला भाग नाही, फक्त "ठेवण" हे उत्तर हातात असल्याने गणिताची गरज वाटली नाही.

मग शोध सुरू. लहान मुलांत तोंड कमी उघडण्याची कारणं बरीच असतात. दाढेत पू झाला की किंवा सुन्न करायचं इंजेक्शन स्नायूत लागलं की तोंड काही दिवस आखडतं, पण त्याची सुरुवात आठवते आणि ते उतरतंही. हनुवटीवर पडून सांध्याजवळचं हाड मोडणं हे लहान मुलांत नेहमीचं, आणि ते लक्षात न येता राहून गेलं तर पुढे सांधाच हाडाने जुळून बसू शकतो, म्हणून हनुवटीच्या खाली जुन्या टाक्यांची खूण आहे का ते मी बॅटरी लावून बघितलं. नव्हती, आणि तसं पडल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. कानाचा जुना जंतुसंसर्गही सांध्यापर्यंत पोचू शकतो, तोही इतिहास नाही. सांध्यापुढचं जबड्याचं दुसरं टोक वाढून गालाच्या हाडाला अडतं असाही एक प्रकार असतो, न दुखता हळूहळू तोंड कमी होत जातं, पण तो जास्त करून वयात येणाऱ्या मुलग्यांत दिसतो.

पूर्ण जबड्याचा ओपीजी काढला, म्हणजे दोन्ही सांधे आणि सगळे दात एकाच चित्रात दाखवणारा एक्स-रे. डाव्या सांध्याचा गोल भाग उजव्यापेक्षा चपटा, आणि जबड्याच्या खालच्या कडेला कोपऱ्याच्या पुढे जी हलकी खाच असते ती डावीकडे जास्त खोल. मी आईला विचारलं, दुसरं काही दुखतं का, गुडघा, घोटा, मनगट. आई नाही म्हणाली. बाबा म्हणाले, अगं ते मागे लंगडत होती ना. तर कळलं की दोन-अडीच महिने सकाळी उठल्यावर थोडी लंगडायची, तासाभराने ठीक व्हायची, खेळात मुरगळलं असेल म्हणून सोडून दिलेलं. मी दातांची डॉक्टर, गुडघा तपासायची मला सवय नाही, पण पँट वर करून दोन्ही गुडघे शेजारीशेजारी बघितले तर उजवा जरा भरलेला दिसत होता, वाटीच्या बाजूचे खळगे बुजल्यासारखे. दुखत नव्हता म्हणे.

आणि मग आईने पर्समधून शाळेचं जुनं ओळखपत्र काढलं, तिला वेगळंच काहीतरी दाखवायचं होतं, पण मी त्या फोटोकडे बघतच राहिले. सहाव्या वर्षीचा फोटो. चेहरा लांबट आहे, बाबांसारखाच, पण हनुवटी मधोमध आणि पुढे आलेली. समोर बसलेल्या मुलीची हनुवटी मागे गेलेली, किंचित डावीकडे, आणि नाकाखालचा चेहरा फोटोतल्यापेक्षा ओढल्यासारखा. म्हणजे घराण्याच्या ठेवणीवर आणखी काहीतरी चढलं होतं आणि ते गेल्या तीन-चार वर्षांत चढलं होतं.

मला या केसने शिकवलेली गोष्ट इथे आहे. मी बाण उलटा काढला होता. चेहरा असा आहे म्हणून तोंड असं उघडतंय, असं मी म्हणत होते, आणि प्रत्यक्षात सांधा नीट चालत नव्हता म्हणून चेहरा तसा होत होता. खालच्या जबड्याच्या वाढीची जागा फार अडचणीची आहे. मांडीच्या हाडात वाढीची पट्टी सांध्याच्या पृष्ठभागापासून आत, सुरक्षित असते, पण जबड्यात ती वाढीची कुर्चा थेट सांध्याच्या पृष्ठभागाखाली, पातळ थराच्या आत असते. सांध्याला सूज आली की तिला झळ बसू शकते. मग जबड्याचा उभा भाग वाढायचा तेवढा वाढत नाही, पुढचा भाग मागे आणि खाली फिरतो, हनुवटी मागे जाते, चेहऱ्याचा खालचा भाग लांब दिसायला लागतो आणि कधीकधी पुढच्या दातांमध्ये फट पडते. एकाच बाजूला झालं तर हनुवटी त्या बाजूला सरकते. लांब चेहरा, मागे गेलेली हनुवटी हे पुष्कळ मुलांत नुसतं आनुवंशिक असतं, आणि काही मुलांत तो आजाराचा मागे राहिलेला ठसा असतो, आणि एका भेटीत, एका आकड्यावरून, दोन्ही अगदी सारखे दिसतात.

लहान मुलांच्या संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. १६ वर्षांच्या आत सुरू झालेला, ६ आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांध्यांचा दाह, याला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थरायटिस म्हणतात, सगळे नुसतं जेआयए म्हणतात. जबड्याचा सांधा यात बऱ्याच मुलांना धरतो पण तो गुपचूप धरतो, बरेचदा दुखत नाही, बाहेरून सुजलेला दिसत नाही. रक्तातला ईएसआर, म्हणजे अंगात दाह आहे का ते सुचवणारी तपासणी, हिचा नॉर्मल आला, त्यावर आई म्हणाली, मग काही नाहीये ना. पण तो नॉर्मल येऊनही सांधा आतून धुमसत असू शकतो. एएनए, म्हणजे शरीराने स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी रक्ताची तपासणी, पॉझिटिव्ह आला. सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून गॅडोलिनियम देऊन केलेल्या एमआरआयमध्ये डाव्या जबड्याच्या सांध्याचं अस्तर सुजलेलं आणि थोडं पाणी साचलेलं दिसलं. ओपीजीवर जे दिसतं ते झालेलं नुकसान असतं, चालू असलेली सूज बघायची तर एमआरआयच लागतो, हेही इथे सांगून ठेवते कारण "ओपीजी केला, ठीक आहे" असं बरेचदा ऐकायला मिळतं.

त्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती माझ्या डोक्यातही आली नसती, डोळे तपासायला पाठवलं, तेही स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या उपकरणाखाली. या आजारात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येऊ शकते आणि डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, मूल काही बोलत नाही आणि नजर कमी होत जाते. एएनए पॉझिटिव्ह असलेल्यांत धोका जास्त. हिचे डोळे सुदैवाने स्वच्छ निघाले, पण तपासणी पुढची काही वर्षं ठराविक महिन्यांनी चालूच राहणार. मी हा परिच्छेद आईबाबांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण जबड्यापेक्षा डोळ्याचं नुकसान जास्त महागात पडतं.

उपचारात गुडघ्यात एक इंजेक्शन दिलं, आणि सांध्यांचा दाह आटोक्यात ठेवणारं मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक अॅसिड. जबड्यात मात्र स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं नाही, वाढत्या वयात तिथे ते वारंवार देण्याने वाढ खुंटण्याची आणि सांध्यात भलत्या जागी हाड तयार होण्याची भीती असते. माझ्या वाट्याला आला स्प्लिंट, म्हणजे खालच्या दातांवर बसणारी अॅक्रेलिकची पट्टी जिची डावी बाजू थोडी उंच, दर काही आठवड्यांनी तिथे थोडं अॅक्रेलिक वाढवायचं, म्हणजे डाव्या सांध्यावरचा भार हलका होतो आणि त्या बाजूला वाढायला जरा जागा मिळते. आणि व्यायाम, आरशासमोर, जीभ टाळूला लावून, हळूहळू सरळ उघडायचं, आरशावर स्केचपेनने काढलेल्या उभ्या रेषेवरून हनुवटी ढळू द्यायची नाही, दिवसातून तीनदा. पोरीला तो कंटाळवाणा वाटायचा आणि तिने बरेच दिवस तो बुडवला हे मला आरशावरची रेष पुसली गेल्याचं आईने सांगितल्यावर कळलं.

४ महिन्यांनी ३८. वर्षाने ४१. आता ती साडेअकरा वर्षांची आहे आणि गेल्या भेटीत ४२ भरले. जबडाही दरम्यान वाढून ८७ मिमी झालाय, म्हणजे कोन अजून २८ अंशांच्या आतच आहे, ३० ला पोचलेला नाही, हे मी आता प्रत्येक वेळी काढून केसपेपरवर मिमीच्या शेजारी लिहिते. उघडताना रेष शेवटी दीडेक मिमी डावीकडे जाते. हनुवटी २ मिमी डावीकडे आहे, ती वाढ संपल्यावर बघायची, तेव्हा जबड्याच्या ऑपरेशनची गरज लागेल की नाही ते आज सांगता येणार नाही आणि आईने चार वेळा विचारूनही मी सांगितलेलं नाही. चेहऱ्याचा निर्देशांक ९३.२, म्हणजे जवळजवळ जिथे होता तिथेच. लांब चेहरा लांबच राहिला, तोंड मात्र ६ मिमीने जास्त उघडायला लागलं.

ज्या ओळीवरून सुरुवात केली तो केसपेपर मी बदलला नाही, फक्त खाली तारीख घालून लिहिलं, "वरील निष्कर्ष चुकीचा होता." आमच्याकडे तोंड मोजायचा जो रकाना आहे त्यात आता उघडताना रेष कुठे जाते ते, दोन्ही बाजूंना किती सरकतं ते आणि मागच्या वेळचा आकडा, हे तिन्ही असतं. घरी बघायचं असेल तर मुलाने स्वतःची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघायची, स्वतःचीच, आईची नाहीत. ही चाचणी ढोबळ आहे, पण पूर्वी बसणारी बोटं बसेनाशी झाली तर ते कुणाला तरी दाखवायचं कारण आहे. आणि एखाद्या मुलाचं ३५-३६ च आहे, पण सरळ उघडतं, वर्षाला वाढतंय, दुखत नाही, खाताना अडत नाही, तर तो त्याचा आकडा, त्यावरून घाबरून एमआरआय करत सुटायचं नाही. शाळकरी वयात बरीच मुलं ४० ते ५० च्या मध्ये भरतात, पण खालच्या टोकाला निरोगी मुलंही असतातच.

परवा दोघंही आली होती. धाकटा आता साडेनऊचा, वरचे दात पूर्ण उतरलेत, त्याचं मोजलं तर ४३. पहिल्या वेळेपेक्षा १ मिमी कमी! आईचा चेहरा पडला, म्हणाली, आता याचंही? मी रेष बघितली, सरळ. दात खालच्या दातांना किती झाकतात ते मोजलं, ३ मिमी. ते मिळवून ४६. ताईने त्याला बोटं कशी घालायची ते दाखवलं, तिचं तिसरं बोट अजूनही जरा ढकलूनच जातं कारण तिची बोटंही वाढलीयेत, आणि त्याने तीन घालून चौथं घुसवायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्याला खुर्चीतून उतरवलं.